जुन्या लाकडाचे मोल : कृत्रिम जीर्णता, आधुनिक गृहसजावट आणि मराठवाड्यातील वाड्याची अभिरुची

प्रस्तावना

‘जुने ते सोने’ आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ या दोन्ही मराठी म्हणी जुन्याची बाजू घेतात. मराठी घरातील प्रत्यक्ष व्यवहार मात्र बहुधा नव्याकडे झुकलेला आढळतो. दिवाळीपूर्वी भिंतींना रंग दिला जातो, लग्नात मुलीला नवा पलंग व नवे कपाट आंदण दिले जाते, तडा गेलेला आरसा भिंतीवर ठेवला जात नाही आणि तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत घालून नवी घेतली जातात. याउलट गेल्या दोन-तीन दशकांत महानगरांतील सुस्थित घरांमध्ये रंगाचे पोपडे निघालेले कपाट, झिजलेल्या हातांची खुर्ची, कडीकोयंडा गंजलेला दरवाजा अशा वस्तू आवर्जून मांडल्या जाऊ लागल्या आहेत. अशा वस्तू खऱ्याखुऱ्या जुन्या मिळाल्या नाहीत, तर नव्या लाकडावर घासकाम करून त्या जुन्या भासविण्यात येतात.

एकच लाकूड एका घरात दैन्याचे चिन्ह ठरते आणि दुसऱ्या घरात रसिकतेचे. हा केवळ व्यक्तिगत आवडीनिवडीचा भाग आहे, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरसारख्या गावी त्याला विशेष अर्थ आहे. केशवराजाचे मंदिर आणि प्राचीन शिलालेखाचा वारसा असलेले हे गाव केळी व हळदीच्या पिकासाठी ओळखले जाते. १९९९ साली ते तालुक्याचे ठिकाण झाले. अशा गावांमध्ये माळवदाची जुनी घरे उतरवून सिमेंट-काँक्रीटची घरे बांधण्याची प्रक्रिया अनेक वर्षे चालू आहे. उतरविलेल्या घराचे खांब, तुळया आणि चौकटी कोठे जातात व त्यांचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्न अभिरुचीइतकाच सामाजिक इतिहासाशीही निगडित आहे.

उद्दिष्टे

१. जुने, ‘विंटेज’ आणि कृत्रिमरीत्या जीर्ण केलेले फर्निचर यांतील भेद स्पष्ट करणे.
२. जुन्या व नव्या वस्तूंविषयीच्या भिन्न अभिरुचींची वैचारिक पार्श्वभूमी मांडणे.
३. मराठवाड्यातील घर, वाडा व बैठकव्यवस्थेच्या संदर्भात या भेदाचा अर्थ लावणे.
४. वाड्यांच्या लाकडाच्या जतनासंबंधी काही व्यवहार्य दिशा सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विवेचन प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

संकल्पना : जुने, विंटेज आणि कृत्रिम जीर्ण

बोलण्यात या तीन संज्ञांची सरमिसळ होते. तथापि त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘पुरातन वस्तू’ ही संज्ञा भारतात कायद्याने निश्चित केलेली आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारणपणे १०० वर्षांहून कमी नसलेली कलाकृती वा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते. ‘विंटेज’ या शब्दाला असा कायदेशीर आधार नाही. विशिष्ट काळाची शैली अंगावर वागविणारी, परंतु शंभरी न गाठलेली वस्तू असा त्याचा रूढ अर्थ आहे. १९४० वा १९५० च्या दशकातील वेताच्या बैठकीची सागवानी खुर्ची या वर्गात मोडते. तिसरा वर्ग ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फर्निचरचा. येथे वस्तूचे वय महत्त्वाचे नसून वयाचा आभास महत्त्वाचा असतो. म्हणून तिला ‘कृत्रिम जीर्ण’ असे म्हणणे योग्य ठरेल.

हा आभास निर्माण करण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. लाकडावर प्रथम गडद रंगाचा हात देतात. कडा, कोपरे व मुठीभोवतालचा भाग अशा ठिकाणी मेण चोळून त्यावर फिक्या रंगाचा दुसरा हात देतात. मेण लावलेल्या जागी वरचा रंग धरत नाही. पॉलिशपेपरने घासल्यावर तेथे खालचा रंग उघडा पडतो आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने झीज झाल्यासारखे दिसते. लोखंडी साखळीने ठोके देऊन पोचे पाडणे, टोच्याने किडीची छिद्रे उमटविणे, शेवटी तपकिरी मेण चोळून खाचांत मळ साचल्याचा भास आणणे हेही याच कामाचे प्रकार होत. व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेचा चोथा भिजवून तयार केलेले पाणी लाकडावर फिरविल्यास त्यातील लोहक्षार लाकडातील टॅनिनशी संयोग पावतात आणि नवी फळी काही मिनिटांत करडी-काळसर होते.

खरे जुनेपण यापेक्षा निराळे असते. खऱ्या वापरातील झीज तर्काला धरून होते. खुर्चीच्या हातांची टोके झिजतात, पाठीमागची बाजू झिजत नाही. खणाचा तळ जेथे सरकतो तेथेच तो पातळ होतो. उंबरठा मध्यभागी खोलगट होतो, कडेला नाही. हाताने मारलेल्या रंध्याच्या व पटाशीच्या खुणा एकसारख्या नसतात. किड्यांनी पोखरलेली वाट आत वळणे घेत जाते, टोच्याचे छिद्र सरळ जाऊन थांबते. सागवान उघडे पडल्यानंतर प्रथम सोनेरी आणि कालांतराने गडद तपकिरी होते. हा रंग वरून दिलेल्या रंगासारखा दिसत नाही. जाणकार सुतार खोटे जुनेपण प्रथमदर्शनीच ओळखतो ते यामुळेच.

जीर्णतेच्या आवडीची वैचारिक पार्श्वभूमी

जीर्णतेला सौंदर्यमूल्य आहे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात स्पष्टपणे मांडला गेला. जुन्या इमारतींचे ‘पुनरुज्जीवन’ करताना त्यांच्यावरील काळाच्या खुणा पुसून टाकल्या जातात, या भूमिकेतून विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. व्हिएन्नातील कलेतिहासकार अलॉइस रीगल यांनी १९०३ साली स्मारकांवरील निबंधात या आवडीचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले. त्यांनी वस्तूच्या ‘ऐतिहासिक मूल्या’पासून तिचे ‘वयोमूल्य’ वेगळे काढले. वस्तू कोणत्या घटनेची साक्षीदार आहे, हे तिचे ऐतिहासिक मूल्य. काळाने तिच्यावर केलेला परिणाम डोळ्यांना दिसणे, हे वयोमूल्य. या वयोमूल्याचा सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी म्हणून त्यांनी ‘नवतामूल्य’ सांगितले. पूर्ण, अभंग आणि ताज्या वस्तूचा आनंद बहुजनांना सहजपणे होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. जुन्या वस्तूवर नवेपणाची ठिगळे जशी खटकतात, तशी नव्या वस्तूवरील अकाली जीर्णताही खटकते, असेही त्यांनी नोंदविले आहे. कृत्रिम जीर्ण फर्निचरचा पुढे आलेला बाजार या विधानाच्या थेट विरोधात जातो.

आधुनिक गृहसजावटीची दिशा याच सुमारास निराळी झाली. अलंकरण म्हणजे श्रमांचा अपव्यय होय, अशी भूमिका वास्तुविशारद अडॉल्फ लोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतली. १९१९ साली वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेने कारखान्यात तयार होऊ शकेल अशा साध्या, उपयुक्त वस्तूंचा पुरस्कार केला. तेथील मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ च्या सुमारास पोलादी नळ्यांची खुर्ची घडविली. या परंपरेत वस्तूवर काळाची खूण असणे हा गुण नव्हता. स्वच्छता, हलकेपणा व उपयुक्तता हे गुण मानले गेले. पुढे या सफाईचाही कंटाळा आला. १९८९ साली रेचल ॲशवेल यांनी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ‘शॅबी शिक’ नावाचे दुकान उघडले आणि विटक्या रंगाच्या फर्निचरच्या आवडीला बाजारपेठेचे नाव मिळाले.

समाजशास्त्रज्ञांनी या आवडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले की यंत्राने निर्दोष वस्तू स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने केलेल्या वस्तूतील दोषच प्रतिष्ठेचे लक्षण ठरतात. पिएर बूर्दिय यांनी फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात केलेल्या पाहणीत लोकांनी घरातील फर्निचर मोठ्या दुकानातून घेतले, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतले की वारशाने मिळविले, हेही विचारले होते. १९७९ च्या ग्रंथात त्यांनी असा निष्कर्ष मांडला की अभिरुची ही वर्गीय स्थान, शिक्षण व घरातील संस्कार यांच्याशी बांधलेली असते. त्याच वर्षी मायकेल थॉम्पसन यांनी ‘टाकाऊ वस्तूंचा सिद्धांत’ मांडला. नव्या वस्तूचे मोल हळूहळू घटत जाते आणि ती टाकाऊ होते. टाकाऊ अवस्थेतील काही मोजक्या वस्तू कोणाच्या तरी नजरेस पडून ‘टिकाऊ मोला’च्या वर्गात जातात आणि तेथे त्यांचे मोल वाढत राहते. या स्थित्यंतराच्या क्षणी वस्तू कोणाच्या हातात आहे, यावर लाभ कोणाचा हे ठरते. मराठवाड्यातील वाड्यांच्या संदर्भात हाच मुद्दा कळीचा आहे.

मराठी घरातील आसनव्यवस्था

पाश्चात्त्य देशांतील चर्चा जशीच्या तशी येथे लागू करता येत नाही. कारण परंपरागत मराठी घरात फर्निचर मुळातच थोडे होते. जेवणासाठी पाट, पूजेसाठी चौरंग, बसण्यासाठी सतरंजी, गादी, लोड व तक्क्या, निजण्यासाठी बाज किंवा पलंग, सामानासाठी संदूक, पेटारा व भिंतीतील फडताळ, अंथरुणे रचण्यासाठी घडवंची आणि सधन घरात कड्यांची बंगई एवढ्यावर घर भागत असे. बैठक जमिनीलगत असल्याने घराची शोभा सुट्या वस्तूंपेक्षा वास्तूच्या अंगभूत लाकडावर अवलंबून होती. खांबांवरील कमळे, हस्तांवरील पोपट व हत्ती, चौकटीवरील गणेशपट्टी हीच त्या घराची सजावट होती.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. ‘खुर्ची’ हा शब्द अरबीतून आणि ‘मेज’ फारसीतून मराठीत आला. ‘टेबल’ व ‘सोफा’ इंग्रजीच्या वाटेने आले. दरबार आणि कचेरी यांच्या मार्गाने आल्यामुळे खुर्चीला आरंभापासून सत्तेचा अर्थ चिकटला. ‘खुर्ची मिळाली’, ‘खुर्ची गेली’ हे वाक्प्रयोग आजही आसनाविषयी नसून अधिकाराविषयी असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या वाड्यांतील तख्त, मसनद व खुर्च्या यांना याच संदर्भात अर्थ होता.

नवतेची आवडही येथे केवळ आधुनिकतेतून आलेली नाही. दरवर्षी सारवणे, भिंतींना चुना देणे, माळवदावर नव्याने माती टाकणे यांवर मातीच्या घराचे आयुष्य अवलंबून असे. ज्या घराचे सारवण थांबले ते घर पडक्याच्या वाटेला लागले, असे मानले जाई. जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार करणे हे पुण्यकर्म होय. त्यात जीर्णता दूर करणे अभिप्रेत असते, जपणे नव्हे. म्हणून मंदिराच्या कोरीव दगडाला तैलरंग देणाऱ्या ग्रामस्थांस अरसिक ठरविणे अन्यायाचे ठरते. रीगल यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे नवतामूल्यालाच धार्मिक व नैतिक अधिष्ठान आहे. मात्र तैलरंगाच्या थराखाली शिल्पाची बारीक कोरीव रेघ बुजते, हेही तितकेच खरे आहे.

वाड्याचे लाकूड आणि १९९३ चा भूकंप

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट-माहूरचा वनप्रदेश असून त्याला लागून तेलंगणातील आदिलाबादची जंगले आहेत. हा सागवानाचा पट्टा होय. जिल्ह्यापासून जवळच असलेले निर्मल हे गाव लाकडी खेळणी व रंगकामासाठी प्रसिद्ध आहे. या परिसरातील सधन घरांना सागवान तुलनेने जवळ होते. सामान्य घरांत बाभूळ, कडुनिंब व आंबा वापरीत. घर ‘खणां’त मोजले जाई. दोन खांबांमधील अंतर हा एक खण. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या वा काटक्या, त्यांवर पालापाचोळा आणि पांढऱ्या मातीचा जाड थर अशी माळवदाची रचना असे. बाजूच्या भिंती दगडमातीच्या, पुष्कळदा दोन-तीन फुटांहून अधिक जाड. उन्हाळ्यात हे घर थंड राही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करून पुनर्वसन करावे लागले. मृत्यूचे मुख्य कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळणे व माळवदाचा भार अंगावर येणे हे होते. तज्ज्ञांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. अनेक घरांत दगडी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांबतुळयांचा सांगाडा उभा राहिला. छताचा भार भिंतींऐवजी खांबांवर असल्यास घराला थोडे संरक्षण मिळाले. म्हणजे दोष प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडाचा व छतावरील भाराचा होता, लाकडाचा नव्हता.

लोकमानसात मात्र दगड, माती, लाकूड आणि माळवद हे सारे एकत्रच धोक्याचे ठरले. सिमेंटचे घर हे सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले. ही भीती निराधार म्हणता येत नाही. २०२४ साली हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेड व अर्धापूर परिसरातही जाणवले आणि जुन्या घरांत राहणाऱ्यांना १९९३ ची आठवण झाली. पुण्या-मुंबईतील रसिकाला जुन्या तुळईत ऊब दिसते. त्याच तुळईखाली रात्र काढणाऱ्याला तिच्यावरील मातीचे ओझे आठवते. दोघांची अभिरुची भिन्न असण्याचे हे एक अत्यंत खरे कारण आहे. जुन्या लाकडाची आवड बहुधा त्यालाच परवडते, ज्याच्या डोक्यावरचे छत काँक्रीटचे असते.

समान उंचीचे आसन

दुसरे कारण सामाजिक आहे. वाड्यात कोण कोठे बसे, हे ठरलेले होते. मालक बैठकीवर, कारकून सतरंजीवर, कूळ ओसरीखाली आणि अस्पृश्य मानलेला माणूस अंगणाबाहेर, अशी ती उतरण होती. वाड्यासमोरून जाताना पायांतील वहाणा हातात घ्याव्या लागत व पाटलासमोर बाजेवर बसता येत नसे, अशा प्रथांची नोंद ग्रामीण व दलित साहित्यात विपुल आहे. खांब कोरणारा सुतार हा बलुतेदार होता. त्याने कोरलेल्या खांबाशेजारी त्याला मानाचे आसन असेलच असे नव्हते.

ज्या कुटुंबांच्या स्मृतीत वाडा हा उभे राहण्याचा अनुभव आहे, त्यांना वाड्याच्या लाकडाविषयी स्मरणरंजन वाटावे, ही अपेक्षा अनाठायी ठरते. त्यांच्या दृष्टीने नवा सोफासेट, काचेचे टेबल आणि सनमायकाचे कपाट हे समतेचे साधन आहे. या वस्तूंना पूर्वीचा मालक नसतो. गोदरेज कंपनीने १९२३ पासून पोलादी कपाटे तयार केली आणि ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठीत जवळजवळ सामान्यनामासारखा शब्द झाला. वाळवी न लागणारे, कुलूप पक्के असलेले कपाट हे कोरडवाहू भागातील शेतकऱ्यासाठी केवळ फर्निचर नव्हते. सात-बारा, दागिने व पासबुक यांची ती तिजोरी होती. पुढे आलेली प्लास्टिकची खुर्ची सौंदर्यदृष्ट्या कितीही सामान्य असली, तरी लग्नाच्या मांडवात व ग्रामसभेत सर्वांना एकाच उंचीवर बसविण्याचे काम तिने केले. आधुनिक गृहसजावटीवर ‘रसहीन’ असा शिक्का मारताना तिचे हे कार्य विसरता येत नाही.

उतरविलेल्या वाड्यांचे बाजारमूल्य

वाडा उतरविण्याची कारणे व्यावहारिक असतात. वारसांमध्ये वाटण्या होतात, दुरुस्तीचा खर्च पेलत नाही, मुले नांदेड, पुणे वा हैदराबादला स्थायिक होतात, वाळवी लागते आणि गावातील जागेला दुकानांसाठी भाव येतो. उतरविलेले लाकूड अशा वेळी सामान्यतः घनफुटाच्या हिशेबाने दिले जाते. कोरीव खांबातील कोरीवकामाचा वेगळा हिशेब बहुधा होत नाही. हेच लाकूड मुंबईतील जोगेश्वरी-ओशिवरा येथील फर्निचर बाजारात वा चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटसारख्या ठिकाणी पोहोचते, तेव्हा घनफुटाचे माप मागे पडते आणि ‘वाड्याचा खांब’ म्हणून त्याची किंमत होते. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातही हेच घडले असून तेथील उतरविलेल्या हवेल्यांचे खांब व दरवाजे विकणारी दुकाने कारैकुडीत प्रसिद्ध आहेत. थॉम्पसन यांनी सांगितलेले टाकाऊपासून टिकाऊपर्यंतचे स्थित्यंतर गावाच्या वेशीबाहेर घडते. म्हणून त्याचा लाभ गावाला होत नाही. जाड व लांब जुने सागवान आज नव्याने सहज उपलब्ध होत नाही, हेही त्याच्या किमतीचे कारण आहे. पुण्यामुंबईच्या उपाहारगृहात उभा केलेला खांब मग कोणत्या गावच्या कोणत्या ओसरीवरचा, हे कोणालाच सांगता येत नाही. वयोमूल्य उरते, ऐतिहासिक मूल्य नाहीसे होते.

या संदर्भात १९७२ च्या अधिनियमातील एक तरतूद फारशी परिचित नाही. किमान १०० वर्षे जुन्या इमारतीपासून अलग केलेली तितकीच जुनी वस्तूदेखील पुरावशेषाच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना आवश्यक आहे आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. आपल्या घराच्या कोरीव चौकटीला हा कायदा लागू होऊ शकतो, याची जाणीव मालकांना असणे आवश्यक आहे.

जुन्या-नव्याची सीमारेषा किती चंचल असते, याचे उद्बोधक उदाहरण चंदीगडचे आहे. १९५० च्या दशकात पिएर जानेरे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील शासकीय कार्यालयांसाठी सागवान व वेताच्या साध्या खुर्च्या तयार झाल्या. त्या त्या काळातील आधुनिक रचना होत्या. कालांतराने मोडक्या म्हणून त्या भंगारात व लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या आणि आंतरराष्ट्रीय लिलावांत त्यांना प्रचंड किमती आल्या. अखेर २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-फर्निचरची विक्री रोखण्याचे निर्देश दिले. ‘आधुनिक’ हाच येथे ‘विंटेज’ झाला. मराठवाड्यातील शाळा, कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या अडगळीत पडलेल्या सागवानी टेबल-खुर्च्यांकडेही निर्लेखन करण्यापूर्वी या दृष्टीने एकदा पाहणे उचित ठरेल.

जतनाच्या दिशा

महाराष्ट्रात या प्रश्नाला एका व्यक्तीने दिलेले मोठे उत्तर म्हणजे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे अशा नित्य वापरातील वस्तू आयुष्यभर जमविल्या व १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष तेथे पुन्हा उभारण्यात आले आहेत. चेन्नईजवळील दक्षिणचित्र या प्रकल्पात, तसेच मणिपाल येथील वारसा-ग्रामात जुनी घरे सुटी करून दुसऱ्या जागी पुन्हा उभी करण्यात आली. वस्तू स्थलांतरित झाली तरी ती कोठून आली याची नोंद तेथे राहते. हाच संग्रहालय आणि सजावटीचा बाजार यांतील मुख्य भेद होय.

प्रत्येक वाडा टिकविणे शक्य नाही आणि माणसांनी धोकादायक घरात राहावे असे सुचविणेही योग्य नाही. तथापि पुढील गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात. घर उतरविण्यापूर्वी त्याचा आराखडा, खणांची संख्या, लाकडाची जात, कोरीवकामाची छायाचित्रे आणि कुटुंबातील वृद्धांकडून मिळणारी माहिती यांची नोंद करता येईल. इतिहास, भूगोल, गृहविज्ञान व मराठी या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून हे काम हाती घेतल्यास प्रत्येक तालुक्याचा एक दस्तऐवज तयार होईल. दुसरे असे की नव्या काँक्रीटच्या घरातच जुन्या लाकडाला जागा देता येते. भार न पेलणारा खांब दिवाणखान्यात, जुनी चौकट देवघराला, तुळईच्या फळ्यांची बंगई गच्चीत, अशा प्रकारे सुरक्षितता व स्मृती यांचा मेळ बसतो. लाकूड गावातच राहते आणि स्थानिक सुताराला काम मिळते.

असे करताना काही दक्षता आवश्यक आहे. लाकूड ठोकून त्याचा आवाज पोकळ येत नाही ना, हे पाहावे. वाळवी वा किडीचा भुसा आढळल्यास प्रक्रिया केल्याशिवाय ते नव्या घरात आणू नये. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण मोठे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्यामुळे त्यापूर्वी रंगविलेले कपाट घरातच कोरडे घासून ‘जुने’ भासविण्याचा प्रयोग, विशेषतः लहान मुले असताना, आरोग्यास घातक ठरू शकतो. जुन्या सागवानावर मूळ रंगछटा राखणारे तेल वा लाखेचे पॉलिश पुरेसे असते; त्याला कृत्रिम जखमांची आवश्यकता नसते.

निष्कर्ष

१. जीर्णतेची आवड आणि नवतेची आवड या दोन्ही संस्कारित आवडी आहेत. एक सुसंस्कृत व दुसरी अडाणी, अशी त्यांची उतरंड लावता येत नाही.

२. मराठवाड्यात नवतेच्या ओढीमागे वार्षिक नूतनीकरणाची परंपरा, १९९३ च्या भूकंपाचा अनुभव आणि वाड्याच्या विषम आसनव्यवस्थेची स्मृती अशी तीन सबळ कारणे आहेत.

३. कृत्रिम जीर्ण फर्निचर हे इतिहासाविना इतिहासाचा आभास निर्माण करते. खरे जुने लाकूडही त्याचे गाव व घर यांची नोंद न राहिल्यास त्याच पातळीवर येते.

४. वाड्याचे लाकूड टाकाऊ ठरण्याची जागा गाव आणि मौल्यवान ठरण्याची जागा महानगर, ही दरी हा या विषयातील खरा आर्थिक व सांस्कृतिक प्रश्न आहे. नोंद, कायद्याची माहिती आणि स्थानिक पुनर्वापर यांनी ती काही प्रमाणात कमी करता येईल.

खांबावर कोरलेले कमळ विकताना ते घनफुटात मोजले जाते, तोवर त्या सुताराचे श्रम हिशेबात येत नाहीत. अर्धापूरसारख्या गावातील घर नवे असावे, पक्के असावे, त्यात सर्वांना समान उंचीवर बसता यावे. आणि त्याच घरात आजोबांच्या ओसरीवरचा एक खांब, तो कोणी कोरला व कोठे उभा होता या माहितीसह असावा, यात कोणताही विरोध नाही. जुन्या व नव्या अभिरुचींमधील संवादाला तेथूनच आरंभ होऊ शकतो.